रेषेखाली

महाप्याच्या गाळ्यात एकवीस वर्षं
मी चेकची खालची पट्टी तपासली.
बाकीचा चेक बँकेचा, खातेदाराचा,
सही करणाऱ्याचा.
पट्टी माझी.
जेमतेम बोटाएवढी रुंद, पांढरी, मोकळी,
वर बारीक अक्षरात ताकीद:
या रेषेखाली लिहू नये.

टोनर काळाच असतो, कुठलाही.
आमच्यात लोखंड असतं.
शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा काळा आणि आमचा काळा
बशीत बाजूबाजूला ठेवलात तर मीही चुकेन.
बशीखालून चुंबक फिरवा,
आमच्याच्या अंगावर काटा येतो.

मशीनला चेकवरचं दुसरं काही दिसत नाही.
नाव नाही, रक्कम नाही, चहाचा डाग नाही.
पट्टीवर कुणी जांभळा शिक्का हाणला तरी
शिक्क्याखालून सात म्हणतो, मी सात.
वाचण्याआधी ते प्रत्येक आकडा चुंबकाजवळून नेतं.
आधी जागं करायचं, मग नाव विचारायचं.

आकडेही साधे नाहीत आमचे.
एकाची टाच जाड, आठाचं पोट सुटलेलं,
शून्य चौकोनी, जिन्याखालच्या खोलीसारखं.
मधूनमधून काठ्या आणि ठिपके, त्यांना उच्चार नाही.
तन्वीर मुजावर नवीन लागला तेव्हा विचारायचा,
भोईरबाई, हे कसं वाचायचं?
म्हटलं, आपण नाही वाचायचं.

घणसोलीच्या खाडीला माझा बापूस मीठ ओढायचा.
काळ्या चिखलाला लागून पांढरी पट्टी,
पांढऱ्या पट्टीला लागून काळा चिखल.
मी डबा घेऊन गेले की तो फळी न थांबवता,
मागे न बघता सांगायचा,
बांधावशी चल गो,
खालती पाय नको टाकू, मीठ कालं होल.

मार्चमध्ये शेवटची लाइन बंद झाली.
लोक आता फोन पुढे करतात, डबीतून बाई बोलते
इतके रुपये मिळाले, झालं.
हिशेबाचा चेक मला आमच्याच छपाईचा आला.
नाव बरोबर, सुगंधा काशिनाथ भोईर.
रक्कम आकडी आणि अक्षरी, दोन्ही बरोबर.
सवयीने रीडरमध्ये घातला.

पाचवा आकडा ओळखेना.
पुन्हा घातला. नाही.
भिंगाखाली धरला तर साताच्या पाठीत एक पोकळी,
सुईच्या टोकाएवढी, लोखंड न बसलेली.
रजिस्टर काढलं, लॉट शोधला.
तपासणाऱ्याच्या रकान्यात: सु. भो.

ती संध्याकाळ काही केल्या आठवेना.
कार्ट्रिज संपत आलं असेल, बस गाठायची असेल,
किंवा काहीच नसेल,
पोकळी होती आणि मी पास म्हटलं.

तन्वीर म्हणाला, दुसरा मागा ना बाई,
ऑफिस अजून उघडं आहे.
मी चेकची घडी घातली नाही, घडीने पट्टी मोडते.
फाइलमध्ये सरळ ठेवला आणि निघाले.

बँकेत खिडकीतल्या मुलीने दोनदा घातला.
तिसऱ्यांदा ओढणीच्या टोकाने पुसून घातला.
काय छापतात हे लोक, म्हणाली,
आणि आकडे हाताने टाकायला बसली,
एकेक, तोंडाने म्हणत.

एकवीस वर्षांत ती पट्टी
कुणी मोठ्यानं वाचताना मी ऐकली नव्हती.
चार म्हणाली, शून्य, शून्य म्हणाली, दोन,
मग थांबली, मान वर केली.
हा सातच ना, की एक?

सात, म्हटलं.